उंच माणसाच्या मापानं

१

हिंदी मुलखातल्या रिसालीत राहणाऱ्या प्रेमानंद रामटेक्यांची दुपार घड्याळावर चालायची. एकला जेवण, मग परसातल्या पपईपर्यंत एक चक्कर, आणि दीडला कूलरसमोर आडवं. फौजेतून हवालदार म्हणून सुटून बारा वर्षं झाली होती, पण शिस्त काही सुटली नव्हती. त्यांची बायको नूतन शेजारणींना सांगायची, "यायले झोपाचंई टाइमटेबल लागते बाई."

चौदा एप्रिल होऊन आठवडा झाला होता आणि गल्लीतली निळी तोरणं उन्हानं फिकी पडायला लागली होती. परसात सांडपाण्याचा खड्डा खोदायचं काम निघालं होतं. कमलेश नावाचा माणूस आणि त्याची बायको दोघं मिळून खणत होती. तो कुदळ मारायचा, ती घमेलं उचलायची. सौदा साधा होता. गोल खड्डा, आठ फूट खोल, मग आत सिमेंटच्या रिंगा उतरवायच्या.

मंगळवारी दुपारी प्रेमानंदांचा डोळा लागतच होता, तेवढ्यात कूलरच्या घरघरीखालून एक आवाज आला. खच्. मग थोडी उसंत. मग पुन्हा खच्.

फावड्याचाच आवाज होता, पण लांब दांड्याच्या फावड्याचा नव्हता. उभा माणूस खोदतो तेव्हा आवाज लांबतो. हा आखूड होता, गुडघ्यावर बसून बेलच्यानं खोदणाऱ्या माणसाचा. बेलचा म्हणजे फौजेत पाठीला बांधून देतात ते हातभर फावडं. असला बेलचा प्रेमानंदांनी बावीस वर्षं वापरला होता, त्याचा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता.

कमलेश असेल, असं म्हणून त्यांनी कूस बदलली. मग आठवलं की कमलेश आणि त्याची बायको डबा घेऊन कोपऱ्यावरच्या झाडाखाली गेलेली आपण आताच खिडकीतून बघितली. ते उठले आणि त्यांनी मागचं दार उघडलं. परसात ऊन तापलं होतं आणि माणूस कोणी नव्हता. आवाजही नव्हता. खड्ड्याच्या काठावरून मुरुमाचा एक खडा घरंगळत आत पडला, एवढंच.

२

बुधवारी सकाळी कमलेश दारात उभा राहिला. "साहब, ये मिट्टी आपने इधर डलवाई क्या?"

काढलेली माती त्यानं मागच्या भिंतीकडे टाकली होती. आता सगळा ढीग घराच्या बाजूला होता. नुसता ओतलेला नव्हता, वर सपाट करून थोपटलेला होता, लांबट आणि कमरेएवढा.

"मी कावून टाकू? मले काय दुसरे धंदे नाहीत?" प्रेमानंद मराठीतच खेकसले. कमलेशला शब्द कळले नसतील, सूर कळला. तो कामाला लागला.

नूतन म्हणाली, "डुकरं येतात रात्री, त्यायनंच उकरलं असन." प्रेमानंदांनी मान डोलावली. डुकरं माती थोपटत नाहीत, हे त्यांना कळत होतं. पण कळलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करण्यात तेवीस वर्षांत त्यांचा हात कोणी धरला नसता.

खोदलेली माती कुठं टाकायची, हे त्यांनी किती रंगरुटांना शिकवलं होतं. ज्या बाजूला शत्रू, त्या बाजूला माती. ती पुढं छातीशी आड होते. खड्ड्यातला माणूस मातीवरून समोर बघत राहतो.

या मातीवरून समोर बघितलं तर त्यांच्या खोलीची खिडकी दिसत होती. आत कूलर, आणि कूलरसमोर त्यांची खाट.

३

त्यांची मुलगी आम्रपाली तिथल्याच एका शाळेत शिकवायची. शाळेत वाचनाची खोली नव्यानं सजवली होती, तिला एखाद्या शहीद जवानाचं नाव द्यायचं ठरलं, आणि आम्रपालीनं हट्टानं एक नाव मंजूर करून घेतलं. टिकाराम पटले, राहणार चरोदा. रेल्वेतल्या खलाशाचा मुलगा आणि बाबांचा जिगरी दोस्त. त्याची बायको भागीरथा अजून चरोद्यालाच राहायची. दोघं एका दिवशी भरती झाले होते आणि एका पलटणीत होते.

"बाबा, शनिवारी पाटी लावाची आहे. भागीरथाकाकूच्या हातानं," ती जेवताना म्हणाली. "आणि त्याच्याआधी तुमी बोलाचं. पोरं विचारून राहिली, मोर्चा म्हंजे काय. बोर्डवर लिहिलंय ना, मोर्च्यावर शहीद. त्यायले वाटते, नारे देत रस्त्यानं जातात तो."

"तू सांग ना. पुस्तकात असन."

"पुस्तकात खंदक लिहिलंय. तुमी खणला, तुमी राहिले त्याच्यात. दस मिनट बोला बस. काकू किती खुश आहे!"

प्रेमानंदांनी घास कसाबसा गिळला. घरात टिकारामचं नाव निघालं की त्यांचा घास असाच अडकायचा, आणि मायलेकींना वाटायचं, मित्राच्या आठवणीनं गळा भरून येतो. त्यांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही. उलट त्याच्या सावलीत ते मजेत बसले होते.

त्या दुपारी पुन्हा खच्, खच्. या वेळी ते अनवाणी, मांजरासारखे मागच्या दारापर्यंत गेले. दार उघडताच आवाज थांबला. ते खड्ड्याशी गेले आणि आत बघितलं.

खड्डा गोल राहिला नव्हता. तो लांबट झाला होता, कोपरे छाटलेले, दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढाच. आणि उजव्या भिंतीत, कोपराच्या उंचीवर, एक कोनाडा कोरलेला होता. असा कोनाडा ते मोर्च्यात काडतुसांसाठी कोरायचे, आणि त्याच कोनाड्यात चहाचा मगही ठेवायचे, म्हणजे तो लवंडत नाही.

कोनाड्यात स्टीलचा एक ग्लास होता. सकाळपासून नूतन स्वयंपाकघरात जो शोधत होती, तोच. त्यात अर्धा चहा होता. अर्धा पहारेकऱ्यानं प्यायचा, अर्धा झोपलेल्यासाठी ठेवायचा, असा मोर्च्यात त्यांचा आणि टिकारामचा रिवाज होता.

माणसाची अक्कल मोठी लबाड असते. प्रेमानंदांनी ग्लास उचलला, चहा मातीत ओतला, आणि स्वतःला समजावलं की कमलेशच्या बायकोनं चहा घेतला असेल, कोनाडा पाय ठेवून चढायला केला असेल. ग्लास त्यांनी स्वतः घासून मांडणीवर ठेवला. नूतन म्हणाली, "कुठं भेटला?" ते म्हणाले, "इथंच होता."

४

तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. स्वतःलासुद्धा पूर्ण नाही.

सीमेवरचा खडकाळ उतार. दोघांना एक मोर्चा खणायचा हुकूम होता. खोली किती, तर उभ्या माणसाच्या काखेपर्यंत, आणि दोघं असतील तर उंच माणसाच्या. प्रेमानंद बुटके, टिकाराम त्यांच्याहून चांगला वीतभर उंच. दिवसभर दगड फोडून हात सोलवटले होते. टिकाराम पाणी आणायला गेला, तेवढ्यात प्रेमानंद खड्ड्यात उभे राहिले, माती काखेला लागली, आणि त्यांनी बेलचा ठेवून दिला.

"प्रेमा, मले कमी पडून राहिलं," टिकाराम आत उतरून म्हणाला. त्याच्या बरगड्या मातीवर दिसत होत्या.

"उद्या खोदू बे. जीव गेला माझा."

संध्याकाळी सुबेदार आले. वरूनच विचारलं, "पूरा है?" प्रेमानंद म्हणाले, "जी साब, पूरा." टिकारामनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तो गप्प राहिला. दोस्ताला साहेबापुढं खोटं पाडायचं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहारा टिकारामचा होता. कमी खोलीच्या मोर्च्यात तो सकाळपासून वाकून उभा होता. प्रेमानंद त्याच्या पायाशी झोपले होते. पाठ भरून आली असेल, तो क्षणभर सरळ झाला असेल. गोळी एकच आली.

इथवरचं तरी एखादा माणूस कुणाला सांगू शकला असता. पुढचं नाही. पलटणीची माणसं यायला दोन तास होते. त्या दोन तासांत प्रेमानंदांनी मित्राला भिंतीला टेकवून बसवलं, बेलचा उचलला, आणि राहिलेली वीतभर माती खोदून काढली. साहेब आले तेव्हा मोर्चा मापात होता. "बहुत मना किया साब," प्रेमानंद रडत म्हणाले, "फिर भी खड़ा हो गया." रडणं खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं धरलं गेलं. तेच कागदावर चढलं आणि तेच चरोद्याला पोचलं.

५

शुक्रवारी कमलेश रडकुंडीला आला. त्यानं गाठी मारलेली दोरी दाखवली. "साहब, कल शाम को सात फीट नापे थे. आज फिर ऊपर आ गया, गोल भी नहीं रहा. और मिट्टी देखिए, दुगुनी हो गई है. खोदते हैं तो मिट्टी निकलती है, गड्ढा गहरा नहीं होता."

ढीग खरंच खांद्याएवढा झाला होता. प्रेमानंद म्हणाले, "बाजू से ढह गया होगा." ढासळलं असतं तर माती आत असायला हवी होती, हे दोघांनाही दिसत होतं. प्रेमानंद शिडी लावून आत उतरले आणि सरळ उभे राहिले. काठ बरोबर त्यांच्या काखेला लागला. माती गार होती. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि ती माती डोंगरातल्या सकाळसारखी गार होती.

कमलेश उंच माणूस. तोही उतरला, त्यांच्या शेजारी उभा राहिला, आणि त्याच्या बरगड्या काठावर आल्या. तो हसला बिचारा. "ये तो आपके नाप का बना है साहब. हमको छोटा पड़ता है."

प्रेमानंद जे वर चढले ते थेट मोरीत गेले आणि ओकले. नूतनला वाटलं, ऊन लागलं. तिनं कैरीचं पन्हं केलं, पायाला कांदा चोळला. तिच्या त्या मायेनं त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं, असं ओठावर आलं. पण उद्या शनिवार होता, आम्रपालीनं इस्त्री केलेला कोट दाराला टांगला होता, त्यावर पदकं लावलेली होती. उद्या होऊ दे, असं ते मनाशी म्हणाले. उद्या करू, हे त्यांचं जुनंच वाक्य.

६

शाळेत साठएक मुलं खाली बसली होती, मराठी समजणारी पण हिंदीत बोलणारी. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर भागीरथा बसली होती, पन्नाशीची, कडक इस्त्रीच्या सुती लुगड्यात, पदर खांद्यावर. प्रेमानंद उठले आणि बोलायला लागले.

"मोर्चा म्हणजे जमिनीत खोदलेली दोन जवानांची जागा. पुढं माती, आत दोघं. एक जागतो, एक झोपतो. तिथून मागं हटायचं नाही. जो झोपतो तो जागणाऱ्याच्या भरवशावर, आणि जो जागतो तो..." इथं ते थांबले. "तोसुद्धा."

"कितना गहरा होता है?" एका मुलीनं विचारलं.

"काखेपर्यंत. उंच माणसाच्या."

"फिर छोटे वाले को दिखेगा कैसे?"

"तो पायाखाली दगड घेतो," प्रेमानंद म्हणाले. "बुटक्याला उंच होता येतं. उंच माणसाला बुटकं होता येत नाही. म्हणून माप त्याचं." सांगायची जागा हीच होती. वाक्य तयार होतं. ते पाण्याचा ग्लास उचलून प्यायले, "जय हिंद" म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. आम्रपाली सगळ्यांत जोरात वाजवत होती.

मग भागीरथा उठली. तिला माइकची सवय नव्हती. "मले बोलता येत नाही," ती म्हणाली. "ते सुट्टीवर घरी आले की मी डोक्यावर पदर घेत होती. त्यायच्यासाठीच घ्याची. ते गेले तसा पदर सुटला, मंग कोणासाठीच घेतला नाही. पण खरं सांगू का, मी त्यायच्यावर रागावली होती. आतापर्यंत. प्रेमानंदभाऊजींनी किती मना केलं, तरी उभे राहिले. बायको-पोराचा विचार नाही केला. मी पोराले कधी नाही म्हटलं की बापासारखा हो. म्हटलं, बापासारखा आडदांड नको होऊ. आज पाटी पाहून वाटलं, जाऊ द्या, माफ करतो."

ती पाटीकडे बघून म्हणाली, "जा जी, माफ केलं तुमाले."

प्रेमानंद खुर्चीवर बसून राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. त्यांच्या घरी तशी जमीन तयार होती, आणि तीच गोष्ट त्यांच्या मनात आली. आम्रपाली म्हणाली, काकूला घेऊन आम्ही जेवायलाच येतो. ते "मी पुढं होतो," एवढं म्हणून निघाले.

७

घरी पोचले तेव्हा दोन वाजत होते. नूतन स्वयंपाकघरात होती. कमलेश झाडाखाली जेवायला गेला होता. कूलर चालू होता, आणि त्याच्याखालून तो आवाज येत होता. खच्. खच्.

या वेळी दार उघडल्यावरही तो थांबला नाही.

प्रेमानंद ढिगाला वळसा घालून काठाशी आले तेव्हा कुठं थांबला. आत कोणी नव्हतं. तळाशी कमलेशचं फावडं पडलं होतं, त्याचा दांडा मधोमध तुटून हातभरच उरला होता.

ते कोटासकट उतरले. ते आखूड फावडं त्यांनी उचललं, गुडघे टेकले आणि खोदायला लागले. एक वीत. फक्त एक वीत काढायची. ते माती काढून वर फेकत, उभे राहून बघत, आणि काठ पुन्हा काखेलाच. पुन्हा खाली बसत. पदकं एकमेकांवर आपटून वाजत होती. घामानं डोळे चुरचुरायला लागले.

"होऊन राहिलं, टिका," ते म्हणाले. आपण मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळलं नाही. "होऊन राहिलं. तेव्हा नाही खोदलं, आता खोदतो. मी थकलो होतो बे. तू पाण्याले गेल्ता अन् मी माझ्या काखेत मोजलं. साहेबाले पूरा म्हणून सांगितलं. तू बोलला असता तर मले सजा झाली असती, बस. तू बोलला नाही. मी तुले मना केलंच नव्हतं. मी तं झोपलो होतो. तू मेल्यावर खोदलं मी. तुले बसवलं बाजूले, अन् खोदलं. मंग तुझंच नाव सांगितलं. तुझ्या बायकोले बी तेच..."

त्यांना रडू फुटलं. हे रडणंही खरं होतं, आणि या वेळी त्याच्यासोबतचं सगळं खरं होतं. ते उभे राहिले. काठ काखेलाच होता. समोर मातीच्या ढिगाच्या कडेला तिघी उभ्या होत्या. नूतनच्या हातात पळी होती, आम्रपालीनं भिंत धरली होती. सगळ्यांत पुढं भागीरथा होती.

किती वेळ उभ्या असतील? आम्रपालीचा चेहरा बघितला आणि त्यांना कळलं की पुरेसा वेळ.

"वहिनी," ते म्हणाले. त्यांना वाटलं, आता ती थुंकेल. थुंकावं, असंही वाटलं.

भागीरथा त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्यांच्या डोक्याच्या वर होती, वीतभर वर, त्यांच्या मागं. मागं खड्ड्याची भिंत होती आणि एक माणूस उभा राहील एवढी जागा. मानेवर गार वारा आल्यासारखं झालं. वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

तिनं हळूच खांद्यावरचा पदर उचलला आणि डोक्यावर घेतला.

"अवो, बसा ना आता खाली," ती म्हणाली. आवाज अगदी घरातला होता. "पाठ दुखली असन."

प्रेमानंदांच्या मागं मुरूम जरासा झरला. मग कुणीतरी भिंतीला पाठ लावून सावकाश खाली बसल्याचा आवाज आला.